कपाटातल्या हातोडीबद्दल : प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
महाराष्ट्रातील सर्व जिल्हा परिषदा

विषय : पहिली ते चौथीच्या मुलांना खरी हत्यारं वापरू देणे, आणि ती झिजू देणे, याबाबत.

महोदय / महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून आमच्या तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत आठवड्यातली एक दुपार जातो आणि पोरांबरोबर काहीबाही बनवतो. शहरातल्या शाळा याला मेकरस्पेस म्हणतात. आमच्याकडे व्हरांड्यातलं एक जुनं टेबल आहे, त्याला दोन छोटे व्हाइस (वस्तू घट्ट पकडून ठेवणारे शिकंजे) ठोकले आहेत आणि खाली पत्र्याची पेटी आहे. मोफत जातो, कुणाचं काही घेत नाही, त्यामुळे मला वाटतं ते मी लिहू शकतो. शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना तसं लिहिता येणार नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या विभागाकडून शाळांना सामान मिळत नाही अशी माझी तक्रार नाही. सामान येतं. येतं आणि कपाटात जातं. एका शाळेत मला अशी विज्ञान पेटी बघायला मिळाली : भिंगं पारदर्शक पिशवीत जशीच्या तशी, लोहचुंबकाची जोडी कागदात गुंडाळलेली, छोट्या मोटारीच्या वायरींना बांधलेला रबर वाळून तुटलेला. पेटी घेतली ते मुख्याध्यापक केव्हाच निवृत्त झाले होते. आताचे मुख्याध्यापक म्हणाले, ‘सर, चार्ज घेताना मी एकेक नग मोजून घेतलाय. देतानाही तेवढेच द्यावे लागणार.’

हे गुरुजी आळशी नाहीत. त्यांचा वर्ग मी पाहिला आहे, चांगलं शिकवतात. त्यांना भीती आहे ती डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीची. या वहीत वस्तू चढली की ती माणसाच्या नावावर चढते. हरवली तर वसुली, मोडली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती वहीतून कमी करण्याचा प्रस्ताव, त्याला समितीचा ठराव, वर केंद्रप्रमुखांची शिफारस, आणि एवढं करूनही पुढच्या लेखापरीक्षणात शंका. बाक, कपाट, टीव्ही यांच्यासाठी ही शिस्त योग्यच आहे. पण तीन मिलिमीटरचं ड्रिल बिट हे मोडण्यासाठीच असतं. हॅक्सॉच्या ब्लेडचे दात गेले, तर कुणीतरी काहीतरी कापलं एवढाच त्याचा अर्थ. आयटीआयमध्ये आम्ही ब्लेडं, बिटं, एमरी पेपर (घासायचा खरखरीत कागद) कन्झ्युमेबलमध्ये, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंत धरायचो. सत्र संपताना ती शिल्लक राहिली तर उलट विचारलं जायचं की प्रात्यक्षिकं घेतली की नाही. प्राथमिक शाळेत नेमकं उलटं : पेटी जितकी कोरी, तितका मुख्याध्यापक चोख.

आता हा फिटर चौथीच्या पोरांत कशाला लुडबुडतो, असं कुणी विचारेल. आमच्याकडे येणारा मुलगा दहावी झालेला, सोळा-सतरा वर्षांचा. त्याला हॅक्सॉ दिला तर बरेचदा ब्लेड उलटं चढवतो, दात मुठीकडे. कानस पुढे ढकलताना दाबतो आणि मागे आणतानाही तितक्याच जोरात दाबतो. सेंटिमीटरचे मिलिमीटर त्याला पाठ असतात, पण पट्टीवर साडेसात मिलिमीटर दाखव म्हटलं की बोट अडखळतं. हुशारीत तो कमी नसतो. दहा वर्षं त्याच्या हातात फक्त पेन होतं. फिटरच्या पहिल्या वर्षातले पुष्कळ दिवस लोखंडाचा तुकडा सपाट करण्यात जातात, आणि त्यातले निम्मे दिवस तरी हाताला मन लावायला शिकवण्यात. हे आठव्या वर्षी खेळता खेळता होतं. सतराव्या वर्षी त्याला लाजही वाटते, कारण बाजूचा बघतोय.

म्हणून एक दुपार जरा तपशिलात सांगतो. गाडी बनवायची होती. पाण्याच्या बाटल्यांची झाकणं ही चाकं, बांबूच्या काड्या हे आस, कोल्ड्रिंकच्या नळीचे तुकडे म्हणजे बेअरिंग आणि पुठ्ठ्याची पाटी. सगळ्यांनी झाकणाला अंदाजाने मधोमध भोक पाडलं. गाड्या चालल्या, पण लंगडत. एक बाजू वर, एक खाली. पोरं हसली, मग वैतागली. भोक मध्यात नाही हे त्यांना कळलं. मध्य शोधायचा कसा हे कळेना. मी गप्प बसलो (निदेशकाला गप्प बसणं अवघड जातं, पण बसलो). तिसरीतल्या एका मुलीने झाकण कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, गोल कापला, अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा दुमडला आणि उघडला. दोन घड्या जिथे एकमेकींना कापतात तिथे टोच्याने खूण केली, कागद झाकणावर ठेवला आणि व्हाइसमध्ये धरून हात-ड्रिल फिरवलं. तिची गाडी सरळ पळाली. पाच मिनिटांत सगळा वर्ग कागद दुमडत होता. केंद्रबिंदू आणि व्यास हे शब्द त्या दुपारी कुणी उच्चारले नाहीत. ते बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले, तेव्हा पोरांना त्यात नवीन काही वाटलं नाही.

सरळ पळाली म्हणालो, पण भिंतीपर्यंत नाही. थोड्या अंतरानंतर गाड्या डावी-उजवीकडे वळायला लागल्या. कारण दोन आस एकमेकांना समांतर नव्हते. मग दोन्ही बाजूंनी आसांमधलं अंतर मोजायचं ठरलं आणि तिथे एक जोरदार भांडण झालं. एकाच अंतराची दोन मापं आली. एकाकडे कंपासपेटीतली प्लास्टिकची पट्टी, दुसऱ्याकडे माझी स्टीलची. दोघंही पट्टीची कड लावून मोजत होते. बराच वेळ आवाज झाल्यावर कुणीतरी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या, तेव्हा दिसलं की प्लास्टिकच्या पट्टीचा शून्य कडेपासून थोडा आत सुरू होतो. ‘कड नाय, शून्य लावायचा!’ हे वाक्य चौथीतल्या मुलाने ज्या थाटात म्हटलं, तो थाट मला आयटीआयमध्ये फार क्वचित ऐकायला मिळाला.

आणि माझ्या धंद्यातली गोष्ट राहिलीच. काडी झाकणात घट्ट बसली पाहिजे, नाहीतर चाक निसटतं. तीच काडी नळीत सैल फिरली पाहिजे, नाहीतर गाडी हलत नाही. आमच्या ट्रेडमध्ये याला इंटरफिअरन्स फिट आणि क्लिअरन्स फिट म्हणतात, फिटर हे नावच त्यातून आलंय. या दोन फिटच्या व्याख्या पाठ करून लिहिणारे शेकडो प्रशिक्षणार्थी माझ्या हाताखालून गेले. त्या दुपारी पहिलीतलं एक पोर काडीला एमरी पेपर घासत बसलं होतं. म्हटलं, काय करतोस? म्हणालं, ‘इथं बारीक करतो, चाकापाशी नको.’

आता योजनांकडे येतो. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे शाळेत वस्तू बनवून बघायच्या केंद्र सरकारच्या प्रयोगशाळा, २०१६ पासून चालू झाल्या, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. पण त्या सहावी ते बारावीसाठी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या, त्याही त्याच वयासाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दहा दिवस दप्तराविना शाळा आहे, सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे जाऊन शिकायचं आहे. तेही सहावी ते आठवीत. आपल्या शाळा बहुतांशी चौथी-पाचवीपर्यंत, काही सातवी-आठवीपर्यंत. म्हणजे हात सगळ्यात जास्त वळवळतात त्या वयाला काहीच नाही. आणि मुलगा सहावीत गेला की बहुतेक ठिकाणी तो आपल्या शाळेतून निघून गेलेला असतो.

मी आपल्याकडे लॅब मागत नाही. उलट विनंती आहे की उत्साहाच्या भरात प्राथमिक शाळांना थ्रीडी प्रिंटर आणि रोबोटिक्सचे संच देऊ नका. त्या पेट्या कुठे जातात ते वर लिहिलंच आहे. संचातला रोबोट एकाच पद्धतीने जुळतो. चुकायला जागाच नसते. शिवाय एक तुकडा हरवला की संच मेला. बाटलीचं झाकण हरवलं तर पोर दुसरं उचलतं.

आपल्याकडे याच्यासाठी विषय आहे. वेळापत्रकात आहे. कार्यानुभव. कोठारी आयोगाने (१९६४-६६) तो मांडला, आणि आजही प्रत्येक मुलाच्या प्रगतिपत्रकात त्याची श्रेणी असते. त्या तासिकेला बहुतेक शाळांत गणिताचा राहिलेला भाग पूर्ण होतो, नाहीतर ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. वर्षाअखेरीला मात्र वर्णनात्मक नोंदी हव्यात, म्हणून त्या मोबाइलवर तयार मिळतात आणि वहीत उतरतात : ‘मातीकामात विशेष रस घेतो’, ‘टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवतो’. ज्या शाळेत वर्षभर माती आलीच नाही, तिथेही मुलं मातीकामात विशेष रस घेतात. हे आपल्याला माहीत नाही असं नाही. आपणही कधीकाळी विस्तार अधिकारी म्हणून या वह्या तपासल्या असतील.

आणि हे इथल्या मातीला परकं आहे असंही कुणी म्हणू नये. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. त्यातला मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा हा भाग मला पटत नाही, तेव्हाही अनेकांना पटला नव्हता. मुलाने बनवलेली वस्तू विकायची ठरली की वाकडी वस्तू वाया गेली असं होतं, आणि शिकणं तर वाकड्यातच असतं. पण हात आणि डोकं वेगळं काढू नका, हे त्यातलं मूळ आजही खरं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांबरोबर काम करताना बिया, पानं, शंख-शिंपले, खडे हेच साहित्य वापरलं. त्याला ना टेंडर लागलं ना डेडस्टॉक. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, शिरूर तालुक्यातल्या त्या गावात पोरं वेल्डिंग, बांधकाम, शेती करत विज्ञान शिकली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या फॅब लॅबच्या (कुणालाही वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळांच्या) जाळ्यातली अगदी सुरुवातीची एक लॅब २००२ मध्ये तिथे उभी राहिली. तिथला अभ्यासक्रम शाळांत गेला तो मात्र आठवी ते दहावीसाठी. पुन्हा वरूनच सुरुवात.

लहानांसाठी सगळ्यात जास्त कुणी केलं असेल तर अरविंद गुप्तांनी. आयआयटीतून शिकलेला इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, मग मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाकडे वळले आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून खेळणी बनवत राहिले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांची त्यांची जोडणी आम्ही करून पाहिली. गूल खरवडून काढायचं, ट्यूबच्या तुकड्यात दोन काड्यांची टोकं घालायची. चौकोन केला की तो दाबल्याबरोबर कलंडतो. त्रिकोण दाबून पाहिला तर हलत नाही. चौकोनात तिरपी काडी टाकली की तोही ताठ. पोरांनी हे केलं, आणि एकाने वर बोट दाखवलं. शाळेच्या पत्र्याला आधार देणारी लोखंडी कैची सगळी त्रिकोणांची होती. चार वर्षं त्या कैचीखाली बसून ती कुणी पाहिली नव्हती. मग घरी जाऊन गोठ्याच्या, मंदिराच्या, बसथांब्याच्या कैच्या बघून आले आणि एकीने तर तक्रारच आणली की आमच्या गोठ्याला तिरपं लाकूड नाही, म्हणून तो वाकलाय. तिच्या वडिलांनी ते मारलं की नाही ते मला ठाऊक नाही.

इजेचं काय, हा प्रश्न रास्त आहे. ज्या घरांतून ही मुलं येतात तिथे सात वर्षांची मुलगी विळीवर भाजी चिरते आणि नऊ वर्षांचा मुलगा कोयत्याने कडबा तोडतो, हे खरं आहे. पण घरी होतं म्हणून शाळेतही चालेल असं मी म्हणणार नाही. शाळेत नियम हवेत आणि ते पाळता येण्याजोगे हवेत. काम नेहमी व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये, एका हाताने वस्तू धरून दुसऱ्याने कापायची नाही. ड्रिल चालवताना डोळ्याला गॉगल, केस बांधलेले. एका हत्याराशी एक मूल, बाकीचे हातभर लांब. विजेचं काम फक्त सेलवर, भिंतीतल्या बोर्डाला कुणीही हात लावायचा नाही. ग्लू गन मोठ्यांच्या हातात. एवढं पाळलं तर उरतं ते बोटावर बसणारी हातोडी आणि काडीची फास. त्यासाठी प्रथमोपचार पेटी असते. शिक्षकाला भीती बोट सुजण्याची नसते. सुजलेल्या बोटाचा फोटो गावाच्या ग्रुपवर जाईल आणि दुसऱ्या दिवशी त्याला खुलासा मागितला जाईल, याची असते. आपल्या सहीने एक ओळ निघाली की नियम पाळून झालेली किरकोळ इजा हा शिक्षकाचा कसूर धरला जाणार नाही, तर पुष्कळ पेट्या उघडतील.

आणखी एक गोष्ट आमच्या टेबलाभोवती घडते, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. गावात लोहाराचं, सुताराचं, शिंप्याचं, बांधकामावर जाणाऱ्याचं मूल वर्गात बहुधा मागच्या बाकावर असतं, कारण वाचनात मागे. व्हाइसपाशी तेच पुढे येतं. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) कसा धरायचा ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही, त्याने बापाला पाहिलेलं असतं. एका मुलाने गुरुजींनाच सांगितलं, ‘हातोडी शेवटाला धरा, मधी नका धरू.’ आणि गुरुजींनी ऐकलं. घरचं काम सांगायला त्या मुलाला आधी संकोच वाटायचा. शाळेने त्या कामाला टेबल दिलं एवढंच झालं. गोधडी शिवणाऱ्या आज्यांना आम्ही बोलावतो, तेव्हा मुलगेही धावदोरा घालतात, आणि मुली हातोडी मागतात तेव्हा कुणी हसत नाही. जातीचं आणि बाईपणाचं ओझं एका दुपारी उतरत नाही हे मला कळतं. पण कुणाच्या हाताला काय येतं हे वर्गाला दिसतं. अशा कारागिरांना बोलवायची मुभा आणि थोडं मानधन शाळेला असावं. आत्ता त्यांना चहा पाजून पाठवावं लागतं, आणि त्यांचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो.

पैशाचं बोलतो. चार हलक्या हातोड्या, दोन हात-ड्रिल, दोन छोटे व्हाइस, क्लॅम्प, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, लहान करवत, कानस, कात्र्या, गुण्या, स्टीलच्या पट्ट्या आणि गॉगल, हे सगळं तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात साधारण सात-आठ हजारांत येतं आणि नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. एकदाचा हा खर्च ग्रामपंचायत किंवा गावातली मंडळी उचलू शकतात. अडतं ते दरवर्षीच्या किरकोळ सामानापाशी. समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान ३० मुलांच्या पटापर्यंतच्या शाळेला वर्षाला १० हजार आणि शंभरापर्यंतच्या शाळेला २५ हजार. त्यातच वीजबिल, खडू, रंगरंगोटी, त्यातलेच दहा टक्के स्वच्छतेला. तेही अनेकदा मार्चच्या तोंडावर खात्यात येतं आणि एकतीस तारखेच्या आत संपवावं लागतं. घाईत घेतलेल्या वस्तू कशा असतात ते आपण जाणता. खिळे, वायर, सेल, एमरी पेपर, फेविकॉल, सुतळी यांसाठी शाळेमागे दोन हजार रुपये दिवाळीच्या आत मिळाले तर आमच्यासारख्या शाळेचं वर्ष निभतं.

तेव्हा मागणं असं. ठरावीक किमतीखालची सर्व हत्यारं डेडस्टॉकमधून काढून उपभोग्य वस्तूंच्या वहीत घ्या. मर्यादा आपण ठरवा, पाचशे रुपये म्हणा. मोडल्याची नोंद मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या सहीने तिथेच संपू द्या. कार्यानुभवाच्या दोन तासिका जोडून ठेवायला सांगा, कारण एका तासिकेत सामान काढून होतं आणि भरायची वेळ येते. २०२४ पासून उपक्रमांचा आनंददायी शनिवार आहे, तोही चालेल. आणि केंद्रप्रमुख घेतात त्या शिक्षण परिषदेत वर्षातून निदान एकदा शिक्षकांच्या हातात ड्रिल द्या. पडद्यावर स्लाइड दाखवून नको. ज्या बाईंनी स्वतः लंगडी गाडी बनवली आहे, त्या पोराच्या लंगड्या गाडीला नावं ठेवणार नाहीत.

त्याचबरोबर काही मागू नका. प्रत्येक उपक्रमाचे पाच फोटो ॲपवर टाका, असं कृपा करून नको. तालुका पातळीवर प्रदर्शन आणि क्रमांकही नकोत. क्रमांक आला की थर्माकोलचा बंगला आणि विकतची पवनचक्की येते, आणि ती मुलाच्या बापाने रात्री जागून चिकटवलेली असते. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी कार्यानुभवाची वही बघू नये, पेटी उघडावी. ड्रिल बिटं मोडलेली असतील, एमरी पेपर गुळगुळीत झाला असेल, तर शेरा चांगला लिहावा.

परिपत्रक मे महिन्यात निघालं, तर जूनमध्ये शाळा भरताना वेळापत्रकात बसेल. मसुदा लागला तर मी लिहून देतो, आयटीआयच्या स्टोअरची भाषा मला येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक (फिटर)

ता. क. : खरेदी झालीच, तर खेळण्यातली प्लास्टिकची हत्यारं कुणाला घेऊ देऊ नका. बोथट करवत घसरते आणि घसरलेलं हत्यारच लागतं. हातोडी हलकी घ्यावी, पण खरी. दांडा लाकडी आणि पाचर ठोकलेली. हात-ड्रिल घेताना दुकानातच बिट लावून, दात्यांचं चक्र फिरवून बघावं. अडकत असेल तर दुसरं मागावं.